हिंदी समजते, पण नीट बोलता येत नाही : वर्गाबाहेरची साधने कशी निवडावीत

आपण लिहिले आहे की आपले शिक्षण निफाड तालुक्यात मराठी माध्यमातून झाले, सध्या आपण नाशिकला सिडकोत राहता आणि अंबडच्या एका कारखान्यात खरेदी विभाग सांभाळता. नव्या जबाबदारीमुळे इंदूर, कानपूर, फरीदाबाद अशा ठिकाणच्या पुरवठादारांशी रोज फोनवर बोलावे लागते आणि व्हॉट्सॲपवर हिंदीत लिहावे लागते. ऐकलेले सगळे समजते, परंतु स्वतः बोलू लागलात की जीभ अडखळते आणि लिहिलेला निरोप पाठवण्यापूर्वी दोन-तीनदा पुसला जातो. पाळ्यांच्या नोकरीमुळे शिकवणी लावणे शक्य नाही. मोबाइलवरची काही ॲप घेऊन पाहिली, तर ती सगळी ‘यह सेब है’ पासून सुरू होतात. वर्गात न जाता हिंदी शिकण्यासाठी कोणती साधने घ्यावीत, असा आपला प्रश्न आहे. आणि यंदा पाचवीत गेलेल्या आपल्या मुलीलाही त्यातले काही उपयोगी पडेल का, हेही आपण शेवटी विचारले आहे.

मी नाशिकमध्ये आधी शाळेत आणि नंतर नोकरदार प्रौढांना हिंदी शिकवत आले आहे. बँकेतले कर्मचारी, कारखान्यांतले पर्यवेक्षक, रुग्णालयांतल्या परिचारिका, द्राक्षांच्या व्यापारातली माणसे अशा सर्वांची पहिल्या दिवशीची तक्रार साधारण आपल्यासारखीच असते. त्यावरून माझे मत असे झाले आहे की आपल्याला साधनांची टंचाई मुळीच नाही. ॲप, पुस्तके, वाहिन्या यांचा पाऊस पडतो आहे. अडचण अशी आहे की यांतली बहुतेक साधने ज्याला हिंदीचा गंधही नाही, अशा माणसासाठी, बहुधा इंग्रजी जाणणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यासाठी तयार झालेली आहेत. त्याला देवनागरी लिपी शिकवावी लागते, ‘पानी’ म्हणजे काय हे सांगावे लागते. आपल्याला लिपी येते, निम्म्याहून अधिक शब्द ओळखीचे आहेत, वाक्यातला शब्दक्रमही जवळपास तोच आहे. आपली हिंदी ऐकून ऐकून आलेली, अर्धी पक्की झालेली आणि मराठीच्या वळणावर गेलेली आहे. तिला आता दुरुस्तीची गरज आहे. म्हणून कोणतेही साधन हाती घेताना एकच प्रश्न विचारावा : हे मला माझी चूक दाखवते का? जे साधन चूक दाखवत नाही, ते कितीही नामांकित असले तरी आपला वेळच घेईल.

केंद्र सरकारनेही हे फार पूर्वी ओळखले आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी हिंदी शिक्षण योजनेत प्रबोध, प्रवीण आणि प्राज्ञ अशा पायऱ्या आहेत, आणि मराठी मातृभाषा असलेल्या कर्मचाऱ्याला प्रबोध ही पहिली पायरी ओलांडून थेट प्रवीणपासून सुरुवात करायला लावतात. आपणही ‘सेब’ आणि ‘केला’ यांत एक दिवसही घालवू नये.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. शाळेत पाचवी ते दहावी हिंदी मनापासून शिकलेल्या माणसाला व्याकरणाची नुसती उजळणी पुरते. पाठांतर करून गुण मिळवलेल्याला ते पुन्हा समजून घ्यावे लागते. ज्याला मुख्यतः बोलायचे आहे त्याची साधने वेगळी आणि ज्याला पत्रव्यवहार करायचा आहे त्याची वेगळी. आपल्याला दोन्ही हवे आहे, पण मी लिहिण्यापासून सुरुवात करायला सांगेन, कारण लिहिलेले वाक्य समोर थांबते आणि तपासता येते. बोललेले वाक्य निघून जाते.

आता चुका नेमक्या कोणत्या, हे पाहू, कारण त्या माहीत नसतील तर पुढे सांगितलेले कोणतेही साधन नीट वापरता येणार नाही. आपल्यासारख्या कामात असलेल्या एका विद्यार्थ्याने पुरवठादाराला पाठवण्यासाठी लिहिलेला निरोप असा होता : ‘सर, आपने भेजा हुआ माल कल मिला। मैं चेक किया। दो पेटी का वजन कम आया। तुम देखके बताओ क्या? मैं मेरे मैनेजर को बोला हूँ।’ समोरच्याला अर्थ पूर्ण कळला असता. परंतु यातले जवळजवळ प्रत्येक वाक्य मराठीतून जसेच्या तसे उचललेले आहे. नीट हिंदीत ते असे होईल : ‘सर, आपका भेजा हुआ माल कल मिला। मैंने जाँच की। दो पेटियों का वज़न कम निकला। क्या आप देखकर बताएँगे? मैंने अपने मैनेजर से कह दिया है।’

हे दोन उतारे एकाखाली एक ठेवून पाहावेत. ‘तुम्ही पाठवलेला माल’ या मराठी रचनेमुळे ‘आपने भेजा हुआ’ आले. हिंदीत तिथे ‘आपका’ लागते. मराठीत ‘मी’, ‘तू’, ‘आम्ही’, ‘तुम्ही’ यांना ‘ने’ लागत नाही, ‘त्याने’ आणि ‘तिने’ यांना लागतो. हिंदीत सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात सर्वांनाच ‘ने’ लागतो, म्हणून ‘मैंने’. उलट ‘त्याने पुस्तक आणले’ असे आपण म्हणतो, पण हिंदीत ‘लाना’ या क्रियापदाला ‘ने’ चालत नाही आणि ‘वह किताब लाया’ असे होते. मराठी माणूस प्रश्नाचा ‘का’ वाक्याच्या शेवटी ठेवतो, म्हणून त्याचा ‘क्या’ही शेवटी जातो, लिखित हिंदीत तो आरंभी येतो. ‘मी माझ्या मॅनेजरला’ यातला ‘माझ्या’ हिंदीत ‘मेरे’ होत नाही, कर्त्याची स्वतःची वस्तू किंवा स्वतःचे माणूस असेल तर ‘अपना’ येतो. आणि आपली ‘ला’ ही विभक्ती हिंदीत कधी ‘को’ होते, कधी ‘से’ : कहना, पूछना, मिलना या तिघांना ‘से’ लागतो, म्हणून ‘उससे पूछा’ आणि ‘दोस्त से मिला’. नकाराचेही असेच आहे. ‘मी जात नाही’ म्हणणारा सहज ‘मैं जाता नहीं’ म्हणून जातो, तिथे ‘मैं नहीं जाता’ हवे.

या सर्वांत धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाची चूक ‘तुम’ची आहे. मराठीत ‘तुम्ही’ हे आदराचे रूप आहे. आपण वडीलधाऱ्यांना, साहेबांना, अनोळखी माणसाला ‘तुम्ही’ म्हणतो आणि त्याच भावनेने हिंदीत ‘तुम’ म्हणतो. हिंदीभाषक मात्र ‘तुम’ बरोबरीच्या किंवा लहान माणसाला वापरतो. कानपूरच्या साठीतल्या व्यापाऱ्याला ‘तुम बताओ’ म्हटले तर त्याला ते खटकते, आणि तो ते बोलून दाखवत नाही म्हणून आपल्याला कधी कळतही नाही. पुरवठादारांशी बोलताना निरपवाद ‘आप’ वापरावे, आणि क्रियापदही ‘बताइए’, ‘भेजिए’, ‘देखिए’ असे असावे. ही एक सवय लागली तरी आपल्या फोनवरच्या संभाषणाचा सूर बदलेल.

नामांच्या लिंगाचा प्रश्न सर्वांत चिवट आहे. मराठीत तीन लिंगे, हिंदीत दोन. मराठीतली नपुंसकलिंगी नामे हिंदीत बहुधा पुल्लिंगी होतात : घर, काम, दूध, वजन. पण पुस्तक, दुकान, मशीन, सरकार, नाक ही नामे स्त्रीलिंगी होतात, म्हणून ‘मशीन बंद पड़ी है’ आणि ‘दुकान खुली है’. आवाज, विजय, मृत्यू हे शब्द मराठीत पुल्लिंगी आहेत आणि हिंदीत स्त्रीलिंगी. आपला चहा कडक असतो, तर त्यांची चाय कड़क होती है. विजेची तार मराठीत स्त्रीलिंगी, हिंदीत ‘बिजली का तार’. पोलीस मराठीत आले, हिंदीत ‘पुलिस आई’. यासाठी कोणताही सरसकट नियम पुरत नाही. माझ्याकडे शिकलेल्या एका पर्यवेक्षकाने वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून डावीकडे ‘का’ आणि उजवीकडे ‘की’ असे दोन रकाने केले होते, आणि कारखान्यात रोज तोंडी येणारे शब्द तो त्यांत भरत असे : डावीकडे नट, बोल्ट, तेल, बिल, तार, उजवीकडे मशीन, पेटी, रसीद, चाबी. शब्दकोशातली हजारो नामे पाठ करण्यापेक्षा आपल्या कामातल्या नेहमीच्या नामांची अशी वही कितीतरी अधिक उपयोगी पडते. ती आपण पहिल्या आठवड्यातच सुरू करावी.

आता साधनांकडे वळते. माझ्या अनुभवात सर्वांत गुणकारी ठरलेले साधन म्हणजे एकच मजकूर मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत मिळणे. तो कसा वापरायचा ते सांगते. मराठी मजकुराचा एक परिच्छेद घ्यावा आणि हिंदी मजकूर न पाहता तो स्वतः हिंदीत लिहून काढावा. मग मूळ हिंदी परिच्छेद उघडून ओळीशी ओळ लावावी आणि जिथे फरक दिसेल तिथे लाल पेनाने खूण करावी. प्रत्येक फरक म्हणजे चूक नसते, कारण एकच गोष्ट दोन-तीन प्रकारे सांगता येते. पण ‘ने’, लिंग, ‘अपना’, ‘से’ आणि ‘को’ यांपैकी काही निराळे आढळले, तर तिथे थांबून कारण शोधावे. आठवडाभर असे केल्यावर आपल्या चुकांचा नमुना डोळ्यांसमोर येतो. तो प्रत्येकाचा वेगळा असतो. कोणाचा ‘ने’ पक्का असतो आणि लिंग कच्चे, कोणाचे उलट.

असा जोडीचा मजकूर कुठे मिळेल? ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मुलांच्या गोष्टी अनेक भारतीय भाषांत मोफत आहेत, आणि पुष्कळ गोष्टी मराठीतही आहेत आणि हिंदीतही. त्यांना वाचनाच्या पातळ्या लावलेल्या आहेत; आपण तिसऱ्या-चौथ्या पातळीपासून सुरुवात करावी. मुलांच्या गोष्टी म्हणून कमी लेखू नये. त्यांत संवाद असतात, रोजची क्रियापदे असतात, आणि बोलायला शिकणाऱ्याला नेमके तेच हवे असते. पुढच्या टप्प्यावर बीबीसीच्या मराठी आणि हिंदी अशा दोन्ही सेवांवर एकाच विषयावरचे लेख मिळतात, तसेच पत्र सूचना कार्यालयाची सरकारी निवेदने दोन्ही भाषांत येतात. या निवेदनांची भाषा जड असते, तशी हिंदी पुरवठादाराशी बोलायला उपयोगाची नाही. परंतु निविदा, परिपत्रक किंवा औपचारिक पत्र लिहायची वेळ आली तर तीच कामी येते. भाषांतर कुठे वाक्याला वाक्य असते, कुठे मोकळे असते, हे लक्षात ठेवूनच तुलना करावी.

कारणे शोधण्यासाठी एक व्याकरण आणि एक शब्दकोश हाताशी लागतो. व्याकरणासाठी मी प्रौढांनाही बालभारतीची पाठ्यपुस्तके देते. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी पाचवी ते आठवीला ‘सुलभभारती’ आहे आणि नववी-दहावीला ‘लोकभारती’. ही सारी ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. हिंदी ही मातृभाषा नसलेल्या महाराष्ट्रातल्या मुलांसाठीच ती लिहिलेली असल्यामुळे सुरुवात आपल्या पातळीवरून होते. आठवीच्या पुस्तकापासून आरंभ करावा आणि ते सोपे वाटू लागले की हिंदी माध्यमाच्या मुलांचे सहावी-सातवीचे पुस्तक घ्यावे, कारण तिथे भाषा एकदम मोकळी आणि बोलकी होते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेची म्हणजे एनसीईआरटीची हिंदी पुस्तकेही मोफत आहेत, पण ती आधी उघडू नयेत. हिंदी घरात बोलणारे मूल गृहीत धरून त्यांतली बरीच लिहिली जातात आणि आपल्या अडचणींची त्यांत दखल नसते. संदर्भासाठी सखोल ग्रंथ हवाच असेल, तर कामताप्रसाद गुरु यांचे १९२० मध्ये प्रसिद्ध झालेले ‘हिंदी व्याकरण’ आजही आधाराला घेतले जाते. ते सलग वाचायचे पुस्तक नाही, शंका आली की उघडायचे आहे.

शब्दकोश कोणताही चालेल, अट एकच की प्रत्येक नामापुढे लिंग दिलेले असावे. ‘सं. पुं.’ आणि ‘सं. स्त्री.’ ही दोन संक्षिप्त रूपे पाहण्याची सवय अर्थ पाहण्याआधी लावून घ्यावी. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेचा ‘हिंदी शब्दसागर’ इंटरनेटवर शोधता येतो आणि राजभाषा विभागाचा ‘हिंदी शब्द सिंधु’ही आहे. ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांचा अर्थसुद्धा कधी कधी तपासावा लागतो. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती, ‘समाधान’ म्हणजे तोडगा आणि ‘व्यवहार’ म्हणजे वागणूक. ‘इस समस्या का समाधान कीजिए’ असे पुरवठादाराने लिहिले, तर तो आपल्याकडे तोडगा मागत असतो, हे चटकन ध्यानात यायला हवे. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाचीही काळजी घ्यावी लागते : आपण शक्ती, व्यक्ती, स्थिती असे लिहितो, हिंदीत हेच शब्द शक्ति, व्यक्ति, स्थिति असे ऱ्हस्व लिहिले जातात.

आपल्याला ॲपच हवे असेल, तर ‘लीला’ पाहावे. पुण्याच्या सी-डॅकने राजभाषा विभागासाठी ते तयार केले आहे, ते मोफत आहे आणि मराठीच्या माध्यमातून हिंदी शिकण्याची सोय त्यात आहे. इंग्रजीतून हिंदी शिकवणाऱ्या ॲपपेक्षा ते आपल्याला या एकाच कारणासाठी जवळचे वाटेल. वर म्हटल्याप्रमाणे प्रबोध सोडून प्रवीणपासून सुरुवात करावी. त्याची मांडणी जुन्या धाटणीची आहे आणि उदाहरणे कार्यालयीन आहेत. म्हणून त्यावरच विसंबून राहू नये, पण पत्रलेखनाच्या पाठांसाठी ते जरूर वापरावे.

ऐकण्याच्या साधनांबाबत माझे मत अनेकांना आवडत नाही. हिंदी चित्रपट आणि मालिका पाहून हिंदी सुधारेल, असे जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी म्हणतो. आपण लहानपणापासून हिंदी चित्रपट पाहात आलो आहोत. त्याने सुधारायची तेवढी हिंदी सुधारून झाली आहे. चित्रपट पाहताना आपण कथेकडे लक्ष देतो, वाक्याकडे देत नाही. शिवाय त्यात मुंबईची बोली, ‘मेरे को’, ‘तेरे को’, ‘अपुन’ हेही येते आणि नेमके तेच आपल्या जिभेवर आधीच बसलेले आहे. वृत्तवाहिन्यांवरचा आरडाओरडाही उपयोगाचा नाही. त्याऐवजी आकाशवाणीचे सकाळी आठचे हिंदी बातमीपत्र, ‘समाचार प्रभात’, ऐकावे. उच्चार स्वच्छ असतात, वेग आटोपशीर असतो आणि मोबाइलवरही ते ऐकता येते. संवादासाठी विविध भारतीवरचे ‘हवामहल’ उत्तम आहे. छोट्या श्रुतिका असल्यामुळे त्यात घरातली, दुकानातली, कचेरीतली हिंदी कानावर पडते आणि चित्र समोर नसल्यामुळे कान वाक्यावरच राहतो.

मात्र नुसते ऐकू नये. बातमीपत्रातली दोन-तीन वाक्ये थांबवून लिहून काढावीत, मग तशीच मोठ्याने म्हणावीत आणि मोबाइलवर आपला आवाज मुद्रित करून ऐकावा. मराठी माणसाचे दोन उच्चार तेव्हा लगेच लक्षात येतात. एक म्हणजे ‘मैं’, ‘है’, ‘और’ हे आपण ‘मइं’, ‘हइ’, ‘अउर’ असे फोडून म्हणतो. हिंदीत तो एकच सलग स्वर आहे. दुसरा म्हणजे ‘जाना’तला ज. आपल्या ‘जाणे’चा दाताजवळचा ज तिथे येतो, तिथे ‘जीवन’ मधला ज हवा. अर्थात उच्चार मराठी वळणाचा राहिला तरी काही बिघडत नाही, त्याची लाज मुळीच बाळगू नये. ‘ने’ आणि ‘आप’ आधी, उच्चार सवडीने.

माणसांकडून शिकणे हे तर वर्गाबाहेरचे सर्वांत जुने साधन, आणि त्याबाबत नाशिक भाग्यवान आहे. अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत उत्तरेकडचे कामगार आहेत, देवळालीत लष्करी कुटुंबे आहेत, नाशिक रोडच्या छापखान्यांत आणि ओझरच्या विमान कारखान्यात बाहेरून आलेले कर्मचारी आहेत. पंचवटीत रामकुंडावर बाराही महिने मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहारचे यात्रेकरू येतात, आणि २०२७ च्या सिंहस्थासाठी तर ते लाखोंनी येतील. सुट्टीच्या सकाळी रामकुंडावर तासभर बसून पुरोहित आणि यजमान यांचे बोलणे ऐकावे. ‘आप लोग कहाँ से पधारे हैं?’, ‘पिताजी का नाम बताइए’, ‘दक्षिणा श्रद्धा से दीजिए’ अशी आदरार्थी रूपे तिथे सहजपणे कानावर पडत राहतात आणि ती पाठ करावी लागत नाहीत.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. आपल्या कारखान्यातला सहकारी पूर्व उत्तर प्रदेशातला किंवा बिहारचा असेल, तर त्याची घरची भाषा बहुधा भोजपुरी, अवधी किंवा मैथिली असते आणि प्रमाण हिंदी तोही आपल्यासारखीच शाळेत शिकलेला असतो. भोजपुरीत हिंदीसारखा लिंगभेद क्रियापदापर्यंत जात नाही, म्हणून तो ‘ट्रेन आ गया’ म्हणेल, आणि ‘मैं’ ऐवजी ‘हम’ वापरेल. त्याच्या भाषेच्या दृष्टीने ते अगदी स्वाभाविक आहे, त्याला हसू नये. पण लिंगाची खात्री करून घ्यायची असेल तर शब्दकोश पाहावा. ओघ, हजरजबाबीपणा, वाक्प्रचार आणि बोलण्याचा धीर या गोष्टी मात्र त्याच्याकडून भरभरून शिकाव्यात. जेवणाच्या सुट्टीत त्याने आपल्याशी मराठीत आणि आपण त्याच्याशी हिंदीत बोलायचे, एकमेकांना थांबवून दुरुस्त करायचे, असा करार मी अनेकांना करायला लावला आहे. दोघांनाही गरज असते, म्हणून तो टिकतो. दुरुस्त करण्याची परवानगी आपण स्वतःहून दिली पाहिजे. नाहीतर भिडेपोटी कोणी बोलत नाही.

मोबाइलमधल्या नव्या साधनांबद्दलही थोडे सांगते. बोलून टंकलेखन करण्याची सोय हिंदीसाठी सुरू करून रोजचा एखादा निरोप तोंडी सांगून पाहावा. आपण बोललो ते यंत्राने कसे ऐकले हे दिसते आणि अडखळणे कमी होते. ती व्याकरण मात्र सुधारत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची संवादी ॲप चूक दाखवू शकतात, पण त्यांना ‘हे नीट करून दे’ एवढेच सांगितले तर ती सगळा निरोप बदलून संस्कृतप्रचुर करून टाकतात आणि आपण काहीच शिकत नाही. ‘माझी वाक्ये तशीच ठेव, फक्त लिंग, ने, अपना आणि आदरार्थी रूपे यांतल्या चुका दाखव आणि प्रत्येकीचे कारण मराठीत सांग’, असे सांगावे. त्यांचे उत्तरही कधी चुकते, म्हणून शंका आली की पाठ्यपुस्तकाकडे परत जावे. कारखान्याचे दर, पुरवठादारांची नावे आणि करारातला मजकूर अशा ॲपमध्ये घालू नये. सरावासाठी आकडे आणि नावे बदलून घ्यावीत.

वाचनासाठी पुस्तके विकत घेण्याआधी टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करावी. १८४० पासून चालत आलेल्या या संस्थेचे सभासदत्व नाशिककराला परवडण्यासारखे आहे. हिंदी कथा घ्याव्यात, कादंबरी लगेच घेऊ नये. कथा एका बैठकीत संपते आणि पूर्ण केल्याचे समाधान मिळते. प्रत्येक अनोळखी शब्दाला शब्दकोश उघडू नये, एका पानावर दोन-तीन शब्द पुरे.

प्रमाणपत्राची गरज असेल तरच परीक्षांचा विचार करावा. वर्ध्याची राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ पासून कार्यरत आहे, तिच्या परिचय, कोविद, रत्न अशा परीक्षा घरी अभ्यास करून देता येतात. पुण्याच्या महाराष्ट्र राष्ट्रभाषा सभेच्याही परीक्षा आहेत, आणि १९६० मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय हिंदी निदेशालयाचे पत्राचार अभ्यासक्रम आहेत. परीक्षेची तारीख समोर असली की अभ्यास नियमित होतो, एवढा त्यांचा फायदा निश्चित आहे. आपल्या नोकरीत प्रमाणपत्र कोणी मागत नसेल, तर पहिले वर्ष त्यांच्याशिवाय जाऊ द्यावे.

एवढी साधने एकदम हाती घेतली तर पंधरा दिवसांत सगळी सुटतील. आपल्या पाळ्या पाहता मी असा क्रम सुचवते. पहिले दोन महिने रोज अर्धा तास फक्त जोडीचा मजकूर आणि का-कीची वही. जाता-येता किंवा घरची कामे करताना बातमीपत्र, पण दुचाकीवर कानात काही घालून नव्हे. सर्व निरोपांत ‘आप’ पहिल्या दिवसापासून. तिसऱ्या महिन्यापासून आठवीचे पाठ्यपुस्तक आणि सहकाऱ्याशी करार. लीला, कथा आणि बाकीचे त्यानंतर, आणि त्यातलेही जे रुचेल तेवढेच. पाठवलेल्या निरोपांपैकी आठवड्याला दोन वहीत उतरवून ठेवावेत आणि महिन्याने स्वतःच लाल पेनाने तपासावेत. आपली जुनी चूक आपल्याच डोळ्यांना दिसू लागली की साधने योग्य निवडली गेली आहेत, असे समजावे.

मुलीसाठी यातल्या दोनच गोष्टी घ्याव्यात. स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टी तिने आधी मराठीत आणि मग हिंदीत मोठ्याने वाचाव्यात, लिहिण्याची सक्ती करू नये. आणि भोपाळच्या एकलव्य संस्थेचे ‘चकमक’ हे मुलांचे मासिक १९८५ पासून निघते, त्याचे अंक तिला आणून द्यावेत. त्यातली हिंदी साधी, आजची आणि उपदेशाचा भार नसलेली आहे. चित्रे, कोडी आणि मुलांनी स्वतः लिहिलेले मजकूर असल्यामुळे पाचवीतले मूल ते आपणहून उघडते. तिचे वाचन ऐकताना मध्ये मध्ये चुका काढू नयेत. गोष्ट संपल्यावर ‘यह कहानी किसकी थी?’ असा एखादाच प्रश्न आपण हिंदीत विचारावा आणि तिने दिलेले उत्तर कसेही असले तरी आधी पूर्ण ऐकून घ्यावे. चुकलेले लिंग तिला सांगण्यापेक्षा, आपण पुढच्या वाक्यात तोच शब्द बरोबर लिंगात वापरला की तिच्या कानावर तो नीट बसतो, आणि आपलाही सराव होतो.